टॅक्सींतून उतरतांना काय बोलावें?

पुढील शिक्षणासाठीं इंग्लंडला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना इंग्रजी व्याकरण चांगलें अवगत असतें. तरीहि लंडनच्या टॅक्सींत बसून मुक्काम जवळ आला कीं त्यांच्या तोंडून बहुधा 'स्टॉप हिअर' हें वाक्य निघतें. त्यांत व्याकरणाची चूक मुळींच नाहीं. पण इंग्रज कानाला तो हुकूम वाटतो. बोलणाऱ्याच्या मनांत उद्धटपणाचा लवलेश नसतो, ऐकणारा मात्र त्याला गर्विष्ठ समजून मोकळा होतो, आणि आपल्याशीं हीं माणसें तुटकपणें कां वागतात हें त्या बिचाऱ्याला कधींच कळत नाहीं. यास्तव हा प्रकार कसा घडतो तें समजून घेतलें पाहिजे.

मराठींत 'येथें थांबा' म्हटलें म्हणजे आदर त्या क्रियापदांतच येऊन बसतो. 'थांब' आणि 'थांबा' यांतील अंतर लहान पोरालाहि समजतें. वर 'अहो' किंवा 'दादा' म्हटलें कीं सौजन्यांत कांहीं उणें राहत नाहीं. 'कृपया' हा शब्द पाटीवर शोभतो. तोंडीं तो उसना वाटतो. इंग्रजी क्रियापदाला ही सोय नाहीं. रावाला आणि रंकाला 'स्टॉप' एकच! शिवाय अनोळखी चालकाला 'अंकल' म्हणण्याचीहि तेथें रीत नाहीं. म्हणून जो आदर आपण प्रत्ययांत ठेवतों, तो इंग्रजींत निराळे शब्द घालून व्यक्त करावा लागतो. आपला विद्यार्थी क्रियापदाचें भाषांतर करतो आणि प्रत्ययांतील आदर मागेंच राहतो.

सर्वांत सोपें वाक्य 'जस्ट हिअर, प्लीज.' यांत क्रियापदच नाहीं, तेव्हां आज्ञाहि नाहीं. थोडें विस्तारानें बोलावयाचें तर 'कुड यू पुल अप जस्ट पास्ट द लाइट्स, प्लीज?' म्हणावें. यांतील 'कुड' हें 'कॅन'चें भूतकाळी रूप. पण येथें भूतकाळाचा कांहीं संबंध नाहीं. विनंती करतांना इंग्रज माणूस एक पाऊल भूतकाळांत मागें सरतो. आपण 'थांबवाल का?' म्हणून भविष्यकाळांत पुढें जातों. समोरच्यावर दडपण येऊं नये म्हणून वर्तमानकाळ दोघेहि टाळतात, ही गंमत लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

'वुड यू माइंड स्टॉपिंग हिअर?' या प्रश्नाला चालक 'नो, नॉट अ‍ॅट ऑल' म्हणाला तर घाबरूं नये. 'हरकत आहे का?' या प्रश्नाचें तें 'नाहीं' आहे. तो गाडी थांबवणारच.

माझ्या मतें सर्वांत उपयुक्त वाक्य 'एनीव्हेअर हिअर इज फाइन' हें होय. पादचाऱ्यांच्या झेब्रा पट्ट्यांजवळ नागमोडी रेघा आखलेल्या असतात, तेथें गाडी उभी करण्यास कायद्यानें मनाई आहे. हें वाक्य थोडें आधीं उच्चारलें तर सोयीची जागा चालकाला स्वतः निवडतां येते. वाटेंत रस्ते सांगत बसूं नये. लंडनच्या काळ्या टॅक्सींच्या चालकांना १८६५ सालीं सुरू झालेली 'नॉलेज' नांवाची परीक्षा द्यावी लागते. चेरिंग क्रॉसभोंवतींच्या सहा मैलांतील सुमारें २५,००० रस्ते त्यांना मुखोद्गत असतात. शेवटचें घर तेवढें आपण दाखवावें.

आतां पैसे. ऑक्टोबर २०१६ पासून लंडनच्या सर्व काळ्या टॅक्सींना कार्ड स्वीकारणें सक्तीचें झालें आहे. 'बाय कार्ड, प्लीज' एवढें पुरे. रोख देतांना पूर्ण पौंड करून देण्याची चाल आहे. मीटरवर १३ पौंड ४० पेन्स झाले आणि १४ दिले, तर 'कीप द चेंज' म्हणावें. हें आज्ञार्थी असून 'प्लीज'वांचून चालतें, कारण लाभ ऐकणाराचा आहे. आपलें 'राहूं द्या' तें हेंच. वीसाची नोट देऊन पांच परत हवे असल्यास 'मेक इट फिफ्टीन, प्लीज'. येथें काम आपलें, म्हणून 'प्लीज' आलें.

भाडें मोजून दिल्यावर पुन्हा आभार कशाला, असें कांहीं पालक विचारतील. तेथें 'थँक यू' हा उपकाराचा हिशेब नसून निरोपाचा शब्द आहे. आपण 'बरें, येतों' म्हणतों तसा. मात्र त्या 'येतों'चें भाषांतर करूं नये, नाहीं तर चालक दार उघडें ठेवून वाट पाहत बसेल! आणि निघतांना तो 'चिअर्स' म्हणाला, तर त्यांत मद्याचा संबंध नाहीं. तोहि आभारच मानीत असतो.