बारामती ते सोलापूर : धावपट्टी ते धावपट्टी

हवाई अंतर सुमारे १५८ किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवली, तर रेघ निमगाव केतकीच्या पानमळ्यांना जवळजवळ खेटूनच जाते. ताशी २०० किलोमीटर वेगाच्या छोट्या विमानाला हा पल्ला पाऊण तासाचा. रस्त्यानं मात्र निमगाव, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ असे सुमारे १८० किलोमीटर. तीन-साडेतीन तास धरून चाला. बारामतीत वैमानिक घडतात, पण तिकीट काढून बसावं असं नियमित विमान नाही. सोलापूरहून गोव्याची सेवा जून २०२५ मध्ये सुरू झाली. जवळची धावपट्टी सोडून निमगावकरांना सोलापूर किंवा पुण्याचं लोहगाव गाठावं लागतं, हे खटकतंच. दोन्हीकडे सव्वाशे-दीडशे किलोमीटर. पहाटेचं विमान असेल, तर आदल्या रात्रीच निघावं.