मॉर्फिनची वेदनाशामकता आणि कोलेसिस्टोकायनिन

1928 साली आयव्ही व ओल्डबर्ग यांनी पित्ताशयाचे आकुंचन घडविणारे आतड्यातील संप्रेरक शोधले; तेच कोलेसिस्टोकायनिन. पुढे हे पेप्टाइड मेंदूत व मज्जारज्जूतही आढळले. ओपिऑइडे वेदनेचा संदेश मज्जारज्जूतच रोखतात. कोलेसिस्टोकायनिन मात्र हा परिणाम क्षीण करते. 1984 साली वॉटकिन्स व सहकाऱ्यांनी उंदरांना प्रोग्लुमाइड देऊन या पेप्टाइडची क्रिया रोखली असता मॉर्फिनची वेदनाशामकता वाढली. दीर्घकाळ मॉर्फिन दिलेल्या प्राण्यांत कोलेसिस्टोकायनिनची निर्मिती वाढलेली आढळते. औषधाचा प्रभाव घटण्याचे हे एक संभाव्य कारण होय.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात कर्करोगाच्या तीव्र वेदनांवर मॉर्फिन दिले जाते. तेथील रुग्णाची मात्रा वाढवावी लागली, तर त्यास व्यसन समजणे अशास्त्रीय ठरते. 2014 च्या कायदादुरुस्तीने मॉर्फिनची उपलब्धता सुलभ केली. गैरसमज दूर होणे मात्र तितकेच आवश्यक आहे.