जुन्या गळाच्या काठीस घरगुती गळकडी

धाराशिव जिल्हा हा अवर्षणाचा जिल्हा म्हणून ओळखला जातो, आणि मासे धरण्याचा विषय निघाला की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर कोकणपट्टीच उभी राहते. तथापि जेथे पाणी साठते तेथे मासा वाढतो. परांडा तालुक्यातील सीना-कोळेगाव, लोहारा तालुक्यात माकणी येथील निम्न तेरणा आणि नळदुर्गाजवळील बोरी नदीवरचा जलाशय हे मोठे साठे झाले. त्यांखेरीज १९७२ च्या दुष्काळातील कामांपासून पुढे खोदले गेलेले पाझर तलाव आहेत, आणि २०१६ नंतर ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेतून झालेली शेततळीही आहेत. हस्ताचा पाऊस चांगला झाला आणि तलाव भरले, म्हणजे रोहू, कटला, मरळ, शिंगाळा, वांब आणि अलीकडे सर्वत्र पसरलेला चिलापी यांच्या ओढीने माणसे काठावर जाऊन बसतात. जाळे टाकून पोट भरणारा भोई समाज व मच्छीमार सहकारी संस्था यांची गोष्ट निराळी. आपण येथे विचार करतो तो शेताचे काम आटोपून सायंकाळी गळ टाकणाऱ्या शेतकऱ्याचा आणि त्याच्या मागे मागे जाणाऱ्या मुलांचा.

या भागातील गळाच्या काठ्या बहुधा जुन्या असतात. त्याला कारणही तसेच आहे. दोन-तीन वर्षे पाऊस ओढ देतो, तलावाच्या तळास भेगा पडतात, आणि काठी माळवदाच्या तुळईखाली खोचून ठेवली जाते. पुढे पाणी आले म्हणजे ती पुन्हा खाली काढावयाची. वेळू चांगला पिकलेला असेल तर अशी काठी बापाकडून मुलाकडे जाते. तिच्यात उणीव असते ती एवढीच, की गळ वापरात नसताना तो अडकवून ठेवण्यास तिच्यावर जागा नसते. कारखान्यात तयार झालेल्या पुष्कळशा काठ्यांवर मुठीच्या जरा वर एक बारीक कडी असते. तिच्यात गळ अडकवावा, दोरी ताणून घ्यावी आणि खुशाल चालू लागावे. हिला आपण गळकडी म्हणू. ती घरच्या घरी, दीड इंच तारेत आणि थोड्या दोऱ्यात करता येते.

एवढ्याशा कडीसाठी लेख कशाला, असे कोणी म्हणेल. त्यास उत्तर असे की, मोकळा लोंबणारा गळ कोठे जातो ते पाहावे. दोरी काठीभोवती कशीतरी गुंडाळून गळ तसाच सोडला, तर तो चालताना अंगरख्यात, मुलाच्या हातात, आणि अवघड प्रसंगी डोळ्यात रुततो. दुचाकीवरून काठी नेताना तर मागे बसलेल्याच्या तोंडाशीच तो नाचत असतो. कित्येक जण गळाचे टोक काठीतच खुपसून ठेवतात. ही युक्ती वरवर सोयीची दिसते; परंतु तिने गळाची धार बोथटते, आणि वेळूची वरची टणक साल फुटून त्या जखमेतून पाणी आत जाते व भुंगेऱ्यास आत शिरण्यास वाट मिळते. ज्या वेळूतून पिठासारखा भुसा गळतो, त्यास हा किडा लागला असे समजावे. अशी काठी मासा लागला असता नेमकी त्याच ठिकाणी मोडते.

याहूनही मोठा धोका शेतकऱ्याच्या दावणीस आहे. तलावाचे पाणी ओसरत गेले की उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीवर हिरवे गवत येते, आणि गावची जनावरे तेथेच चरतात. दोरी कोठेतरी झुडपात अडकून तुटली की गळ तेथेच गवतात पडून राहतो. गाय किंवा म्हैस चारा नीट न चावता आधी गिळते व मग सावकाश रवंथ करते; त्यामुळे चाऱ्याबरोबर आलेला लोखंडाचा तुकडा तिला ओठांनी वेगळा करता येत नाही. असा खिळा, तार किंवा गळ तिच्या पोटाच्या चार कोठ्यांपैकी जाळीसारख्या दिसणाऱ्या कोठ्यात जाऊन बसतो. हा कोठा आकसतो तेव्हा टोकदार वस्तू पुढे ढकलली जाते, आणि मधल्या पडद्यापलीकडे अगदी जवळच काळीज आहे. जनावर चारा सोडते, दूध एकाएकी घटते, पाठ कमानीसारखी होते, उतारावर पाय टाकताना ते कण्हते. पुढे पोळीवर सूज उतरते. सूज दिसू लागल्यावर उपचारास फारसा वाव उरत नाही. म्हणून पहिली लक्षणे दिसताच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे, आणि जनावर तलावाकाठी चरत होते हे डॉक्टरांस आवर्जून सांगावे. दुभती म्हैस आणि काही रुपयांचा गळ यांचा हिशेब शेतकऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही.

तार व तिचा आकार

कडीसाठी काडेपेटीच्या काडीच्या निम्म्या जाडीची पितळी तार उत्तम. पितळ गंजत नाही व सहज वाकते. ती न मिळाल्यास गंज न धरणाऱ्या पोलादाची तार चालेल, पण तिला वाकविण्यास बळ लागते. विद्युत मोटारीच्या जुन्या गुंडाळीतील तांब्याची तार फुकट मिळते म्हणून ती घेण्याचा मोह होतो. ती मऊ असल्याने बोटाच्या दाबानेही चेपते. काळी बांधणीची तार घेऊच नये, पहिल्याच पावसाळ्यात ती गंजेल आणि तो गंज गळासही लागेल.

दीड इंच लांबीचा तुकडा कापावा. त्याचा मध्य चार इंची खिळ्यावर ठेवून अर्धगोल वाकवावा, म्हणजे सुमारे दीड सूत पोकळीची कमान तयार होईल. कमानीच्या दोन्ही बाजूंस उरलेले पाय पकडीने बाहेरच्या अंगास आडवे करावे. आता ते पाय ऐरणीवर, ती नसल्यास कुऱ्हाडीच्या तुंब्यावर ठेवून हलक्या हाताने ठोकून चपटे करावे आणि टोकांकडे कानशीने निमुळते करीत न्यावे. हे कानशीचे काम कंटाळवाणे वाटते व म्हणूनच पुष्कळ जण ते टाळतात. परंतु कडी टिकणार की सुटणार हे येथेच ठरते. पायाचे टोक जाड राहिले तर दोरा त्यावर सुबकपणे चढत नाही, मध्ये फट राहते. आणि कड धारदार राहिली तर तीच दोरा कापते. बोटाने चाचपून कोठेही टोचत नाही अशी खात्री करून घ्यावी. मोठे गळ वापरणाऱ्याने कमान थोडी मोठी करावी; गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा तिच्यातून अडखळल्याविना बाहेर आला पाहिजे.

जागा कोणती

मुठीच्या वर साधारण चार बोटे ही जागा सोयीची. काठीस रीळ असेल तर दोरी ज्या अंगाने जाते ते अंग सोडून कडी बसवावी, नाहीतर फेकताना दोरी तिच्यातच अडकेल. आपल्याकडील साध्या काठीस रीळ नसते, दोरी शेंड्यालाच बांधलेली असते व ती बहुधा काठीएवढी किंवा जरा लांब असते. अशा वेळी आधी दोरी शेंड्यापासून खाली ताणून आणावी, बुडख्याला वळसा घालून पुन्हा वर घ्यावी, आणि गळ जेथे येतो तेथे खूण करावी. त्या खुणेवर कडी बसविली असता दोरी आपोआप ताठ राहते. दोरी आखूड असून बुडख्यापर्यंत पोचत नसेल तर कडी वर सरकवावी. दोरीच्या सोयीने कडीची जागा ठरवावी, असा हा नियम आहे.

बांधणी

वेळूची साल गुळगुळीत असल्याने खुणेच्या जागी पॉलिश कागद हलकेच फिरवावा. खाच मात्र पाडू नये. कडी चिकटपट्टीच्या तुकड्याने तात्पुरती धरून ठेवावी. शिवणाचा मजबूत कृत्रिम धाग्याचा दोरा घ्यावा, कारण सुती दोरा ओला झाला की फुगतो व कुजतो. पायाच्या टोकाच्या अलीकडे काठीवर दोऱ्याचे टोक ठेवून त्यावरूनच पाच-सहा वेढे घ्यावे, म्हणजे ते टोक दाबले जाते. पुढे वेढ्यास वेढा भिडवीत पायावर चढत जावे. हाताने दोरा फिरविण्यापेक्षा दोरा ताणून धरून काठीच फिरविली तर ताण सारखा राहतो. कमानीजवळ पोचण्यास आठ वेढे शिल्लक असताना दुसऱ्या दोऱ्याचा एक फासा, त्याचा डोळा कमानीच्या बाजूस ठेवून, काठीवर आडवा ठेवावा व उरलेले वेढे त्यावरून घ्यावे. मग दोरा कापून त्याचे टोक फाशाच्या डोळ्यातून ओवावे आणि फासा ओढून काढावा. टोक वेढ्यांखाली ओढले जाऊन तेथेच घट्ट बसते. गाठीची गरज पडत नाही. दुसरा पाय असाच बांधावा.

यावर पाणी न शिरणारा लेप हवा. दोन नळ्यांतून मिळणारे अराल्डाइट पातळ हाताने लावले तर ते सर्वांत टिकाऊ. नखांना लावण्याचे रंगहीन पॉलिशही तीन-चार हातांनी चांगले काम देते. सुताराकडील लाखेचे पॉलिश दिसण्यास सुंदर, पण पाण्याने ते पांढरे पडते. ज्यांच्या घरी जवस होते त्यांनी जवसाचे तेल वापरून पाहावे. शेंगदाण्याचे तेल वर्षभर ठेवले तरी ओलेच राहते. जवसाच्या तेलाचे हवेने हळूहळू कातडे बनते. कच्च्या तेलास मात्र पुष्कळ दिवस लागतात, आणि एक खबरदारी घ्यावी लागते. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो. अशी चिंधी कडब्याच्या गंजीजवळ टाकू नये. ती मोकळी पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून टाकावी.

ज्यास इतका खटाटोप नको असेल त्याने सायकलच्या जुन्या ट्यूबची अर्ध्या बोटाएवढी रुंद वळी कापून काठीवर चढवावी आणि गळाचे टोक तिच्याखाली दडवावे. ही सोय दोन मिनिटांची आहे. रबर उन्हाने चिरते व त्याखाली ओल राहून गळ गंजतो, म्हणून तिला कायमची समजू नये. कडी आणि वळी दोन्ही एकत्र असतील तर मुलांच्या हाती काठी देण्यास हरकत नाही: गळ कडीत, आणि त्याचे टोक वळीखाली.

गळ अडकविताना टोक काठीकडे वळलेले असावे, बाहेर नव्हे. दोरी तुटून गळ गवतात पडलाच तर जुन्या ध्वनिवर्धकातील लोहचुंबक दोरीस बांधून त्या जागी फिरवावा. गळ पोलादाचा असल्याने तो चिकटून येतो. तुटलेली नायलॉनची दोरीही गोळा करून आणावी, तिच्यात पाणपक्ष्यांचे पाय गुरफटतात.

आणि गळ अंगात रुतलाच, तर तो मागे ओढू नये. उलटा काटा मांस फाडतो. दोरी कापून टाकावी, गळ हलणार नाही असा धरून प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे व धनुर्वाताच्या लसीविषयी विचारावे. डोळ्यास लागले असेल तर गळास हातही न लावता डोळ्यावर कागदी पेला, डोळा दाबला जाणार नाही अशा रीतीने, झाकून थेट रुग्णालय गाठावे.

तलाव मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने दिलेला असल्यास गळ टाकण्यापूर्वी संस्थेची परवानगी घ्यावी. काठी पुन्हा तुळईखाली ठेवताना गळ सोडून कोरड्या डबीत ठेवावा, दोरी सैल करावी, आणि कडीच्या बांधणीवरील लेपास तडे गेले आहेत काय ते नखाने पाहून, गेले असल्यास त्याच वेळी आणखी एक हात द्यावा.