जुन्या मोटारगाडीची घरगुती देखभाल व दोषनिदान

जुन्या मोटारगाडीची घरगुती देखभाल म्हणजे हमीची मुदत संपलेली, बहुधा एक-दोन मालकांच्या हातून गेलेली मोटारगाडी तिच्या मालकाने स्वतः वेळोवेळी तपासणे, दोषाचे कारण शोधणे आणि आवाक्यातील दुरुस्ती स्वतः करणे होय. जुन्या गाडीचा खर्च जितका बिघाडामुळे वाढतो, तितकाच तो चुकीच्या निदानामुळेही वाढतो. त्यामुळे दोषाचे कारण निश्चित झाल्याशिवाय सुटा भाग बदलू नये, हे या देखभालीचे मूलतत्त्व मानले जाते. कोणते काम घरी करू नये हे ओळखणे, हा तिचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे.

पार्श्वभूमी

मुंबई, ठाणे व कल्याण-डोंबिवली या पट्ट्याचा भारतीय मोटार उद्योगाशी जुना संबंध आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीचा कारखाना कुर्ला येथे होता. तेथे तयार होणारी फियाट ११०० डिलाइट ही गाडी १९७० च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. १,०८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे चार सिलिंडरचे इंजिन, कार्ब्युरेटर आणि पॉइंट असलेला डिस्ट्रिब्युटर अशी तिची साधी रचना होती. बहुतेक भाग हाताला सहज लागत असल्याने अनेक मालक किरकोळ कामे स्वतःच करीत. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून बाहेर पडली. खासगी मालकीच्या काही पद्मिनी मात्र आजही जतन केलेल्या आढळतात.

डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने मध्यमवर्गीयांची पसंती बदलली. ७९६ घन सेंटिमीटरचे तीन सिलिंडरचे इंजिन असलेल्या या गाडीचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. १९९० च्या दशकात प्रीमियर व प्यूजो यांच्या संयुक्त प्रकल्पातून कल्याण-डोंबिवली परिसरात प्यूजो ३०९ ही गाडी तयार होत असे. तो प्रकल्प अल्पावधीतच बंद पडला. उत्पादन लवकर थांबलेल्या गाड्यांचे सुटे भाग मिळणे कठीण होते. म्हणून जुनी गाडी विकत घेताना तिच्या स्थितीइतकीच भागांची उपलब्धताही पाहावी लागते.

ठाण्यातील वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींपैकी एक आहे. अभियांत्रिकी व्यवसायातील लहान कारखाने आणि गॅरेज ही अशा वसाहतींची ओळख असते. घरगुती देखभालीच्या दृष्टीने याचा उपयोग कामाच्या विभागणीत होतो. भाग खोलणे, साफ करणे व पुन्हा बसवणे मालकाला शक्य असते; परंतु सिलिंडर हेडचा पृष्ठभाग सपाट करणे, ब्रेक ड्रम लेथवर घासणे किंवा सेल्फच्या मोटारीचे वाइंडिंग करणे यांसाठी यंत्रे असलेल्या वर्कशॉपचीच गरज लागते.

दोषनिदानाची पद्धत

दोष शोधताना सोप्याकडून अवघडाकडे, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या भागांकडून झाकलेल्या भागांकडे जावे. प्रथम लक्षण नेमके नोंदवावे : दोष थंड इंजिनावर येतो की गरम, चढावर की सपाटीवर, पावसात की कोरड्या हवेत. त्यानंतर सैल तारा, गळती, तुटलेले पट्टे, जळालेले फ्यूज आणि पाण्याची व तेलाची पातळी पाहावी. एका वेळी एकच बदल करून त्याचा परिणाम तपासावा. एकदम तीन भाग बदलले तर गाडी सुरू होईलही, पण दोष कोणत्या भागात होता हे समजत नाही आणि तो पुन्हा उद्भवल्यास शोध पहिल्यापासून करावा लागतो.

कार्ब्युरेटर असलेल्या गाड्यांत निदान डोळे, कान व साध्या साधनांवर अवलंबून असते. इलेक्ट्रॉनिक इंधन-प्रक्षेपण असलेल्या गाड्यांत संगणकीय नियंत्रक दोषांचे संकेतांक साठवून ठेवतो व ते स्कॅनरने वाचता येतात. संकेतांक मात्र दोष कोणत्या परिपथात आहे एवढेच दाखवतो. ऑक्सिजन सेन्सरचा संकेतांक आला म्हणजे सेन्सरच खराब झाला असे नसते. तुटलेली तार किंवा हवेची गळती यांमुळेही तोच संकेतांक येऊ शकतो.

सामान्य दोष

गाडी सुरू न होणे

चावी फिरवल्यावर सेल्फ फिरतो की नाही, हा पहिला प्रश्न असतो. केवळ 'टक' असा आवाज येत असेल आणि दिवे मंद होत असतील, तर बॅटरी किंवा तिची टर्मिनले संशयास्पद ठरतात. पूर्ण भारित १२ व्होल्ट बॅटरीचा दाब विश्रांत अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट असतो. तो १२ व्होल्टच्या जवळ आल्यास बॅटरी जवळजवळ उतरलेली असते. इंजिन चालू असताना हा आकडा साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट यांदरम्यान असावा. तो वाढत नसेल तर दोष बॅटरीत नसून भारण व्यवस्थेत असू शकतो. अशा वेळी नवी बॅटरी घेतली तरी तीही उतरते. टर्मिनलांवरील पांढरा-हिरवा थर खाण्याचा सोडा मिसळलेल्या पाण्याने साफ होतो. त्यापूर्वी बॅटरीची जोडणी काढावी आणि प्रथम ऋण टर्मिनल सोडवावे.

सेल्फ व्यवस्थित फिरूनही इंजिन पेट घेत नसेल, तर ठिणगी, इंधन व हवा या तीन गोष्टी क्रमाने तपासाव्यात. पद्मिनीसारख्या गाडीत डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतील ओलावा, जळालेले पॉइंट किंवा चिरलेली प्लग वायर ही नेहमीची कारणे असतात. पॉइंटमधील फट फीलर गेजने मोजून गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ठेवावी. प्लगचा रंगही उपयुक्त माहिती देतो : फिकट तपकिरी रंग योग्य ज्वलनाचा, कोरडी काजळी जास्त इंधनाची आणि ओला तेलकट थर सिलिंडरमध्ये तेल येत असल्याची खूण असते.

उन्हाळ्यात घाट चढताना कार्ब्युरेटरची गाडी अचानक बंद पडून काही वेळाने आपोआप सुरू होत असेल, तर पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ अडकलेली असण्याची शक्यता असते. जुने चालक अशा वेळी पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवीत. हा तात्पुरता उपाय आहे. इंधनाची नळी गरम भागापासून दूर बांधणे आणि शीतन व्यवस्था सुधारणे हा कायमचा उपाय होय.

इंजिन तापणे

तापमानाचा काटा वर गेल्यास गाडी सुरक्षित ठिकाणी थांबवून इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, कारण दाबाखालील उकळते पाणी अंगावर उडते. इंजिन थंड झाल्यावर पाण्याची पातळी, होज पाइप, फॅन बेल्ट, विद्युत पंखा आणि थर्मोस्टॅट या क्रमाने तपासणी करावी. पाणी वारंवार कमी होते पण गळती दिसत नाही, तेल दुधाळ झाले आहे किंवा एक्झॉस्टमधून सतत पांढरी वाफ येते, अशी लक्षणे असल्यास हेड गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा आणि गाडी चालवू नये. नुसते पाणी भरत राहिल्यास लहान दुरुस्तीचे रूपांतर इंजिनाच्या पूर्ण दुरुस्तीत होऊ शकते.

धूर

पेट्रोल गाडीतील निळसर धूर तेल जळत असल्याचे दर्शवतो. तो मुख्यतः रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताना दिसत असेल तर व्हॉल्व्हची सील, आणि वेग वाढवताना सतत दिसत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याची शक्यता अधिक असते. काळा धूर जास्त इंधनामुळे येतो. अशा वेळी एअर फिल्टर, चोक व कार्ब्युरेटर यांपासून तपासणी सुरू करावी. थंड सकाळी काही मिनिटे दिसणारी पांढरी वाफ सामान्य असते.

ब्रेक

पेडल मऊ लागणे हे ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरल्याचे, पाय ठेवताच ते हळूहळू खाली जाणे हे गळतीचे किंवा मास्टर सिलिंडरच्या दोषाचे, तर गाडी एका बाजूस ओढली जाणे हे एखाद्या चाकाचा ब्रेक नीट न लागल्याचे लक्षण असते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते व त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. लांब उतारावर ते उकळल्यास ब्रेक निकामी होऊ शकतात. म्हणून ते साधारणतः दर दोन वर्षांनी बदलण्याची शिफारस केली जाते.

पावसाळा व गंज

कोकणपट्टीतील गाड्यांचा मोठा शत्रू गंज हा असतो. दारांच्या खालच्या कडा, चाकांवरील कमानी, बॅटरीखालचा पत्रा आणि पायपुसण्यांखालची जमीन येथे तो प्रथम लागतो. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी असलेली भोके मातीने बुजल्यास पाणी आत साचते. ती पावसाळ्यापूर्वी मोकळी करावीत. याच वेळी वायपरची रबरे, टायरची खाच व दिव्यांच्या जोडण्याही तपासाव्यात. टायरच्या खाचेतील खूणपट्टी, म्हणजेच १.६ मिलिमीटरची मर्यादा, पृष्ठभागाशी समतल आल्यास टायर बदलावा.

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबई, ठाणे व कल्याण परिसरात असंख्य वाहने पाण्याखाली गेली. पाण्यात बुडालेली गाडी सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन कायमचे निकामी होऊ शकते. अशी गाडी बॅटरी सोडवून ओढून न्यावी आणि प्लग काढून, तेल बदलून तपासल्यावरच सुरू करावी.

इंधनाच्या नळ्या

अलीकडील काळात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले आहे. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या, डायफ्रॅम व गॅस्केट या मिश्रणासाठी तयार केलेली नसल्याने ती फुगणे, चिरणे किंवा झिरपणे संभवते. इथेनॉल पाणीही शोषते, त्यामुळे दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत गंज वाढतो. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकल्यास आग लागू शकते. म्हणून पेट्रोलचा वास आल्यास गाडी सुरू न करता प्रथम नळ्या तपासाव्यात आणि इथेनॉलयुक्त इंधनास चालणाऱ्या नळ्या बसवाव्यात.

घरगुती कामाच्या मर्यादा व सुरक्षितता

इंजिन ऑइल, फिल्टर, प्लग, फॅन बेल्ट, बल्ब, फ्यूज व वायपर बदलणे ही कामे पान्ह्यांचा संच, प्लग पाना, मल्टिमीटर व पुस्तिका यांच्या साहाय्याने घरी करता येतात. ब्रेकची हायड्रॉलिक व्यवस्था, स्टिअरिंग, सीएनजी वा एलपीजीची जोडणी आणि टायमिंग बेल्ट ही कामे मात्र प्रशिक्षित मेकॅनिककडे सोपवावीत. त्यांतील चूक चालू गाडीत आणि बहुधा वेगात असताना लक्षात येते.

केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. गाडी पक्क्या स्टँडवर ठेवून उरलेल्या चाकांना अडथळे लावावेत. बंद जागेत इंजिन चालू ठेवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइड हा वायू विषारी असून त्यास वास नसतो. बॅटरीजवळ विडी, काडी किंवा ठिणगी नसावी. जुन्या ब्रेक शूजमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे त्यांवरील धूळ फुंकून न उडवता ओल्या फडक्याने टिपावी. वापरलेले तेल हा घातक कचरा असल्याने ते गटारात ओतू नये.

कायदेशीर बाबी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी मोटारगाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर गाडीची योग्यता तपासून ती एका वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकृत करता येते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आले आणि त्यानंतर २० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ते आणखी वाढवण्यात आले. महाराष्ट्रात १५ वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांवर पर्यावरण करही आकारला जातो. भारत स्टेज-४ पूर्वीच्या गाड्यांचे प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी घ्यावे लागते. ठाण्यात नोंदलेल्या वाहनांचा संकेतांक एमएच-०४, तर कल्याणचा एमएच-०५ असा आहे.

तपासणीच्या वेळी ब्रेक, दिवे, स्टिअरिंग व उत्सर्जन यांची स्थिती पाहिली जाते. म्हणून तेल, पाणी, टायर, बॅटरी व प्रत्येक दुरुस्ती यांची किलोमीटर व तारखेसह नोंदवही ठेवणे हितावह ठरते. एकच दोष पुन्हा पुन्हा येतो आहे का हे अशा वहीतून लगेच दिसते, आणि गाडी पुढील मालकाकडे गेल्यास तिचा पूर्वेतिहासही त्याच्या हाती जातो.