राखण: गावाची, सरकारची आणि एकट्याची

पेशवाईत पुणे प्रांतातल्या गावांत शेताची राखण हे नेमून दिलेले गावकाम होते. शिवेची खडान्‌खडा माहिती महार वतनदारांना असे, तर अनेक गावांत रात्रीची जागल रामोशी करत. जोंधळा हुरड्यात आला की शेतात माळा उभा राही. दिवसा गोफणीने पाखरे हाकली जात, रात्री चोर आणि जनावरांवर नजर राही. मोबदला सुगीत, खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. त्यामुळे पीक राखण्यात राखणदाराचाही वाटा गुंतलेला असे.

चोरी झाली तर पावलांच्या ठशांवरून माग काढत. माग दुसऱ्या गावच्या शिवेत शिरला की पुढचे काम तिथल्या राखणदारांकडे जाई, आणि माग जिथे संपे तिथल्यांवर भरपाईचा भार येई. पीक काढल्यावर रानात राहिलेली कणसे, शेंगा वेचणे म्हणजे सरवा. तो गोरगरिबांचा हक्क मानला जाई, चोरी नव्हे.

१८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला आणि ही घडी विस्कटू लागली. पुरंदर परिसरातले रामोशांचे राखणीचे हक्क गेल्याचा असंतोष उमाजी नाईकांच्या उठावामागे होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेने चोरीची व्याख्या केली: जमिनीला जोडलेल्या वस्तूची चोरी होत नाही, ती जमिनीपासून अलग केली की होऊ शकते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने झाडावरचे वांगे तोडल्यानंतरच चोरीचा विषय बनते. १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने गावची राखण सरकारी चौकटीत आली. कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. त्यामुळे जातीला जखडलेल्या वेठीतून माणसे सुटली, हे मोलाचे झाले. मात्र राखणीची सामाईक व्यवस्था नव्याने कुणी उभी केली नाही.

पुढे पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखानदारीने पुण्याजवळच्या आळंदीभोवतालचे रान बदलले. शेताला खेटून प्लॉट, गोदामे आणि चाळी आल्या. डांबरी रस्त्यावर पावलाचा माग उमटत नाही आणि टेम्पोत भरलेला माल रातोरात बाजार गाठतो. डिसेंबर २०१९ मध्ये कांदा आणि जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोला शंभर रुपयांवर गेला, तेव्हा राज्यात शेतमालाच्या चोऱ्यांच्या बातम्या आल्या. याच परिसरातल्या खेड तालुक्यात बिबट्याच्या वावरामुळे रात्री एकट्याने शेतावर थांबणेही जोखमीचे झाले आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या चोरीत, गुन्हा पहिलाच असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर समाजसेवेची शिक्षा आहे. सोसायटीच्या किंवा बचत गटाच्या सामाईक परसबागेतली चोरी बहुधा याहूनही लहान, जुडीभर मेथीची किंवा चार भोपळ्यांची असते. तिथे जुन्या व्यवस्थेतले तीन धडे उपयोगी पडतात. तोडणीचा वार ठरवून सगळ्यांसमोर माल वजन करून वाटावा, म्हणजे कुणी किती नेले हे उघड राहते. राखणीची पाळी करणाऱ्याला मालात वाटा द्यावा. आणि सरव्यासारखा एखादा वाफा कुणीही तोडावा असा मोकळा ठेवावा, म्हणजे गरजेने तोडणाऱ्याला चोर ठरावे लागत नाही.