गंगाकाठचा योगवर्ग आणि आपली श्रद्धा

रविवारची मिस्सा आटोपून मी मिस्सेची वस्त्रे उतरवीत असता एक भगिनी सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. गेले दोन महिने त्या न चुकता मिस्सेला येत होत्या, परंतु कम्युनियनच्या वेळी बाकावरच बसून राहत होत्या. हे माझ्या ध्यानात आले होते. कारण विचारणे मात्र प्रशस्त वाटले नव्हते. त्या दिवशी त्यांनीच ते सांगितले. दिवाळीच्या सुट्टीत त्या कुटुंबीयांसह हरिद्वार, ऋषिकेश व मसुरी अशा सहलीला गेल्या होत्या. ऋषिकेशला एका सकाळी घाटावर उघड्यावर योगाचा वर्ग चालला होता. शिक्षकांनी "या, बसा" म्हटले आणि या बसल्या. तासाभराने अंग हलके झाले, मन प्रसन्न झाले. घरी परतल्यावर त्यांनी ही हकीकत कौतुकाने प्रार्थनागटातील एका मैत्रिणीला सांगितली. मैत्रिणीने बजावले, "तू दुसऱ्या देवांना नमस्कार करून आलीस. कुमसार केल्याशिवाय कम्युनियन घेऊ नकोस." कुमसाराला जाण्याची लाज आणि कम्युनियन घेण्याची भीती, अशा अवस्थेत दोन महिने गेले.

(हे बोलणे कुमसारातील नव्हे, दाराशी उभ्याने झालेले आहे, आणि नाव न सांगता ते येथे मांडण्यास त्या भगिनींची संमती आहे.)

हीच शंका आज अनेकांच्या मनात असते. आपले धर्मग्रामस्थ आता दूरवर प्रवास करतात. ऋषिकेशचा घाट असो, गोव्यातील मांद्रे-हरमलचा किनारा असो किंवा केरळातील वर्कला असो, सकाळच्या वेळी उघड्यावर चालणारे योगवर्ग जागोजागी दिसतात आणि प्रवाशाला सहज आमंत्रण मिळते. संयुक्त राष्ट्रसंघाने 11 डिसेंबर 2014 रोजी 21 जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून घोषित केल्यापासून तर हा विषय कुणालाच टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. तेव्हा अशा वर्गात नेमके काय घडते आणि ख्रिस्तसभा त्याविषयी काय शिकविते, हे जाणून घेणे हितावह ठरेल.

घाटावरचा एक तास

काही वर्षांपूर्वी एका सभेनिमित्त डेहराडूनला गेलो असता मीही एक दिवस ऋषिकेशला जाऊन अशा वर्गात बसलो होतो. फेब्रुवारीची सकाळ होती. घाटाच्या पायऱ्या दवाने ओल्या झाल्या होत्या. समोरच्या डोंगरामागून ऊन अजून यायचे होते आणि नदीचा आवाज एवढा, की शिक्षकांचे अर्धे बोलणे त्यात वाहून जात होते. चटयांवर वीसेक माणसे होती. त्यांत निम्मी परदेशी. आरंभी सर्वांनी हात जोडून तीन वेळा ओंकार केला. मग मान, खांदे, घोटे यांचे हलके व्यायाम झाले. ताडासन, त्रिकोणासन, भुजंगासन झाले. सूर्यनमस्कार मंत्रांसह झाले. त्यानंतर अनुलोम-विलोम आणि भ्रामरी, पुढे पाच-दहा मिनिटे डोळे मिटून ध्यान, आणि अखेरीस शवासन. शवासनात मला झोप लागली, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

या एका तासात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र गुंफलेल्या असतात: शरीराचा व श्वासाचा व्यायाम, हिंदू उपासनेतील मंत्र व वंदन, आणि मनाचे मौन. "योग" हा एकच शब्द तिन्हींना लावला जात असल्यामुळे कुणी सगळेच स्वीकारतो, तर कुणी सगळेच नाकारतो. गोंधळाचे मूळ येथे आहे.

पतंजलींच्या योगसूत्रांत योगाची आठ अंगे सांगितली आहेत. आसन हे त्यांतील तिसरे. त्याविषयी सूत्रकार फारच थोडे बोलतात. ध्यानासाठी स्थिर आणि सुखाने बसता यावे, एवढाच त्यांचा आग्रह आहे. पंधराव्या शतकातील हठयोगप्रदीपिकेतही केवळ पंधरा आसनांचे वर्णन आहे. आज घाटावर शिकविला जाणारा, उभ्याने करावयाच्या आसनांनी भरलेला वर्ग बऱ्याच अंशी गेल्या शंभर वर्षांतील आहे, आणि त्याच्या घडणीत आपल्या महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. श्री योगेंद्र यांनी 1918 मध्ये मुंबई परिसरात योग संस्था काढली. ती पुढे सांताक्रूझला स्थिरावली. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आसनांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा व्यायाम म्हणून प्रसार केला. तिकडे म्हैसूरच्या राजवाड्यात 1930 च्या दशकात कृष्णम्माचार्य आसने शिकवीत होते. त्यांचे शिष्य बी. के. एस. अय्यंगार पुढे पुण्यास येऊन राहिले. ऋषिकेशला स्वामी शिवानंदांनी 1936 मध्ये दिव्य जीवन संघ स्थापिला आणि 1968 मध्ये बीटल्स हे गायक महर्षी महेश योगींच्या आश्रमात येऊन राहिल्यावर ते गाव जगाच्या नकाशावर आले. म्हणजे गुडघा वाकविणे वा पाठ ताणणे यात एखादी प्राचीन दीक्षा दडलेली असते, ही समजूत इतिहासाला धरून नाही.

मंत्रांची गोष्ट निराळी. सूर्यनमस्कारातील बारा मंत्रांत सूर्याच्या बारा नावांनी त्याला वंदन केले जाते. ते वंदनच आहे. "आम्ही केवळ ताल म्हणून म्हणतो" असे म्हणणारे ख्रिस्ती लोक आपल्या श्रद्धेशी तर खेळतातच, शिवाय ज्यांच्यासाठी ते शब्द पवित्र आहेत, त्यांच्या श्रद्धेचाही अवमान करतात, असे माझे मत आहे. ओंकाराविषयीही मला हेच वाटते. काही ख्रिस्ती आश्रमांत त्याचा वापर झाला व त्यावर वादही झाले. परंतु भारतीय उपासनेसाठी रोमने 1969 मध्ये ज्या बारा गोष्टींना मान्यता दिली, त्यांत पंचांग प्रणाम, अंजलिहस्त, जमिनीवर बसणे, समई व आरती आहेत, ओंकार नाही. मंत्राच्या वेळी शांत राहावे. घाटावर त्याचे कुणाला वाईट वाटत नाही. मी शांत राहिलो; शेजारच्या परदेशी बाईंनाही मंत्र येत नव्हता, त्याही शांत होत्या.

ख्रिस्तसभेची शिकवण

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी प्रसृत केलेल्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात हिंदू धर्मातील तपश्चर्या व ध्यान यांचा आदराने उल्लेख आहे आणि अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे स्पष्ट केले आहे. आपल्या प्रश्नाशी अधिक निकटचा दस्तऐवज म्हणजे श्रद्धासिद्धांत मंडळाने 15 ऑक्टोबर 1989 रोजी बिशपांना पाठविलेले ख्रिस्ती ध्यानाविषयीचे पत्र. त्यावर मंडळाचे प्रमुख कार्डिनल जोसेफ रात्झिंगर, म्हणजे पुढील काळातील पोप बेनेडिक्ट सोळावे, यांची स्वाक्षरी आहे. या पत्राने योगावर सरसकट बंदी घातली, असे काही जण सांगतात. पत्र वाचल्यास तसे दिसत नाही. अन्य पद्धतींत जे उपयुक्त असेल ते घ्यावे, मात्र ख्रिस्ती प्रार्थनेचे स्वरूप त्यामुळे झाकोळले जाऊ नये, अशी त्याची भूमिका आहे. सर्वांचे मत एकसारखे नाही, हेही सांगितले पाहिजे. केरळातील सिरो-मलबार चर्चच्या श्रद्धासिद्धांत आयोगाने 2018 मध्ये योगाविषयी बरीच कडक भूमिका मांडली होती.

त्याच 1989 च्या पत्रातील एक इशारा मला फार मोलाचा वाटतो. काही शारीरिक आसनांनी आपोआप शांती वाटते, प्रसन्नता येते, कधी प्रकाशाचा वा उबेचा भास होतो. ही शरीराची प्रतिक्रिया आहे. तिलाच पवित्र आत्म्याचे सांत्वन समजणे ही चूक होय, असे ते पत्र बजावते.

येथे मला एक तरुण आठवतो. एका योगशिबिराहून परतल्यावर त्याने रविवारची मिस्सा हळूहळू सोडली. "फादर, चर्चमध्ये मला मुले रडताना ऐकू येतात, भाषण लांबते, समोरच्या माणसाशी माझे भांडण आहे ते आठवते. तिकडे मला शांती मिळते," असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. भाषण लांबते, हेही खरे! परंतु त्याला काय मिळाले आणि काय सुटले, हे नीट पाहिले पाहिजे. पतंजलींच्या मार्गाचे अंतिम ध्येय कैवल्य हे आहे. पुरुषाने प्रकृतीपासून वेगळे होऊन केवळ स्वतःच्या स्वरूपात राहणे, असा त्याचा अर्थ. ते एक उच्च ध्येय आहे आणि त्यासाठी लोकांनी आयुष्ये वेचली आहेत. आपले ध्येय मात्र कम्युनियन आहे: पित्याशी, पुत्राशी व पवित्र आत्म्याशी ऐक्य, आणि त्याच ऐक्यात रडणाऱ्या मुलांसह व भांडलेल्या शेजाऱ्यासह एका भोजनाला बसणे. त्या तरुणाला मौन मिळाले, परंतु त्या मौनात त्याच्याशी बोलणारा कुणी नव्हता. प्रार्थनेत आपण "तू" म्हणतो, आणि तो "तू" कधी कधी आपल्याला नको असलेल्या ठिकाणी पाठवितो, भांडलेल्या माणसाच्या दारीसुद्धा. आसनाने असे कुणाला पाठविल्याचे ऐकिवात नाही. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी 2015 मधील एका प्रवचनात योगाच्या वर्गांचा उल्लेख केला तो याच अर्थाने: हृदय मोकळे करून देवाच्या लेकरांचे स्वातंत्र्य देणे हे पवित्र आत्म्याचेच काम आहे.

शरीराला प्रार्थनेत स्थान नाही, असे मात्र कुणी समजू नये. संत डॉमिनिक यांच्या प्रार्थनेच्या नऊ रीती तेराव्या शतकापासून प्रसिद्ध आहेत; वाकणे, साष्टांग पडणे, हात पसरून उभे राहणे हे सारे त्यांत आहे. संत इग्नेशियस लोयोला आपल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तिकेत गुडघे टेकून, पालथे पडून, उताणे पडून, बसून वा उभ्याने, ज्या स्थितीत देव गवसेल त्या स्थितीत थांबण्यास सांगतात. श्वासागणिक प्रभूच्या प्रार्थनेतील एकेक शब्द मनात घेण्याची रीतही त्यांनीच शिकविली आहे. घाटावर शिक्षक "श्वासाकडे लक्ष द्या" म्हणतात, तेव्हा ती रीत आचरण्यास कुणाचीच आडकाठी नसते. मी तसे करून पाहिले. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" इथवर सहज जमले; पुढे नदीच्या आवाजात मन भरकटले.

ज्यांनी हा प्रश्न तासापुरता नव्हे, आयुष्यभरासाठी अंगावर घेतला, त्यांचेही स्मरण ठेवावे. फ्रेंच बेनेडिक्टाईन संन्यासी हेन्री ल सो, अर्थात स्वामी अभिषिक्तानंद, यांनी 1950 मध्ये कावेरीकाठी शांतिवनम आश्रमाच्या स्थापनेत भाग घेतला आणि पुढे उत्तरकाशीला गंगेकाठी झोपडीत वास्तव्य केले. ऋषिकेशच्या रस्त्यावरच जुलै 1973 मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला व डिसेंबरमध्ये इंदूरला त्यांचे निधन झाले. दोन परंपरांमध्ये उभे राहण्याची वेदना त्यांच्या रोजनिशीत पानोपानी आहे. तो मार्ग सहलीतल्या प्रवाशाचा नव्हे.

आता त्या भगिनींविषयी. प्राणघातक पापासाठी गंभीर विषय, पूर्ण जाणीव आणि पूर्ण संमती या तिन्ही गोष्टी लागतात, असे ख्रिस्तसभा शिकविते. त्यांनी व्यायाम केला, मंत्र म्हटले नाहीत, कोणत्याही देवतेची पूजा केली नाही. कम्युनियनपासून दूर राहण्यासारखे त्यात काहीच नव्हते. मैत्रिणीचा हेतू वाईट नव्हता, परंतु कुणाला प्रभूच्या मेजापासून परत फिरविण्याचा अधिकार प्रार्थनागटाला नाही. अशी शंका आली तर ती धर्मगुरूंकडे आणावी. संत पौलाने करिंथकरांस लिहिताना मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा प्रश्न हाताळला आहे. बाजारातील मांस चौकशी न करता खावे. मात्र एखाद्याच्या विवेकबुद्धीला ठेच लागत असेल तर त्याच्यासाठी ते सोडावे, असा त्याचा सल्ला आहे. त्यामुळे मैत्रिणीपुढे योगाचे गोडवे गाऊ नका, एवढे मात्र मी त्यांना सुचविले.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. वर्ग कोण घेतो आणि त्यात काय काय होते, हे आधी विचारावे. दीक्षा, व्यक्तिगत मंत्र किंवा गुरूला समर्पण असे काही असेल तर नम्रपणे नकार द्यावा. संध्याकाळची गंगा आरती शांतपणे, आदराने पाहावी. दिवा वाहू नये. उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू वा हर्निया असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी शिक्षकांना तसे आरंभीच सांगावे व कपालभाती आणि शीर्षासन टाळावे. पोट रिकामे असावे. ओल्या पायरीवर चटई सरकते. आणि मुक्काम रविवारी असेल तर तेवढा एक वर्ग चुकवावा. डेहराडून तेथून सुमारे 45 किलोमीटरवर आहे, तेथे आपले चर्च आहे, आणि मिस्सेची वेळ आदल्या दिवशीच दूरध्वनीवरून विचारून घेतलेली बरी, कारण सकाळी त्या रस्त्याला वाहनांची गर्दी असते.