विद्यापीठ गावात येते तेव्हा



नागपूर विद्यापीठापासून वेगळे होऊन २०११ साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. गडचिरोली व चंद्रपूर हे दोन जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. पण जंगलातल्या टोल्यावरून रोज महाविद्यालय गाठणे सोपे नाही. बारावीनंतर शेती, मजुरी आणि घरसंसार यांत शिक्षण सुटते. म्हणून विद्यापीठाने ‘विद्यापीठ आपल्या गावात’ हा उपक्रम हाती घेतला. जांभळी येथे कामकरी मंडळी दिवसाचे काम आटोपून गावातच पदवीचा अभ्यास करू लागली.

याची गरज का? २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार मेंढा (लेखा) ग्रामसभेला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळाला की बांबू-तेंदूपत्त्याची विक्री, करारपत्रे, मजुरीचा हिशेब हे सारे ग्रामसभेनेच पाहायचे असते. ती कागदपत्रे वाचणारे गावात कोणी नसेल, तर हक्क गावाचा आणि व्यवहार ठेकेदाराच्या हाती, असे होते.

म्हणून शिक्षणासाठी मदत करताना शहरात जाणाऱ्या मुलामुलींबरोबरच गावात राहून शिकणाऱ्यांचीही आठवण ठेवू या.